साक्षीदार नसलेलें दुःख

दुसऱ्याचें दुःख खरें मानण्यास पुरावा लागतो काय? प्रश्न वरवर पाहतां निरर्थक वाटतो. मूल पडलें, गुडघ्यांतून रक्त आलें, कीं सारें घर धांवतें. तेथें कोणी पुरावा मागत नाहीं. परंतु आपली दया डोळ्यांवर किती अवलंबून आहे, हें ज्या दुखण्यांत पाहण्यासारखें कांहींच नसतें त्यांतच कळून येतें. अशाच एका दुखण्याचा, जरा संकोचाचा, विषय आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका बोरिवलीस राहतात व चर्चगेटजवळच्या शाळेंत शिकवितात. मूत्राशय थोडा भरला कीं त्यांच्या ओटीपोटांत आग होई. दर अर्ध्या तासानें लघवीस जावें लागे. रात्रीं चार चार वेळां झोप मोडे. सुमारें ३४ किलोमीटरांचा रोजचा प्रवास, आणि लोकलगाडींत शौचकूप नाहीं. याच मार्गावर ५ मे १९९२ रोजीं बायकांसाठीं स्वतंत्र गाडी सुरू झाली; बसावयाची सोय झाली, ही अडचण तशीच राहिली. म्हणून बाई सकाळीं पाणीच पीत नसत, आणि घट्ट झालेली लघवी अधिकच झोंबे. लघवी तपासली, जंतु नाहींत. सोनोग्राफी केली, खडा नाहीं. दुर्बिणीनें आंत पाहिलें, तेथेंही विशेष कांहीं दिसलें नाहीं. प्रत्येक अहवाल चांगला आला कीं घरांत आनंद होई, आणि बाईंच्या शब्दाची किंमत मात्र थोडी उतरे. शेवटीं सासूबाई म्हणाल्या, “अगं, मनावर घेऊं नकोस, तुला कांहीं झालेलं नाहीं.” त्या मायेनेंच बोलल्या. पण त्या एका वाक्यानें सुनेस दिलासा न मिळतां ती खोटी मात्र ठरली.

वैद्यकाची वागणूक फार निराळी होती असें नाहीं. मूत्राशयाच्या या चिवट दाहाचे रोगी पुष्कळ, व त्यांत स्त्रिया अधिक. १९१५ सालीं बाल्टिमोरच्या गाय हनर या वैद्यानें कांहीं स्त्रियांच्या मूत्राशयांतील व्रणांचें वर्णन प्रसिद्ध केलें. परंतु असे व्रण थोड्याच रोग्यांत आढळतात. ज्यांच्यांत ते दिसले नाहींत, त्यांच्या दुखण्याची गणना पुढें कित्येक वर्षें मनोविकारांच्या शेजारीं होत राहिली.

मूत्राशयाचें अस्तर म्हणजे पाणी न झिरपूं देणारा गिलावा, अशीच दीर्घकाल समजूत होती. १९७२ सालीं जेफ्री बर्नस्टॉक या शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें, कीं प्रत्येक पेशींत शक्तीचें नाणें म्हणून चालणारें एटीपी हें द्रव्य पेशीबाहेर पडून निरोप्याचेंही काम करतें. पुष्कळ विद्वानांस हें पटलें नाहीं. इतकें मोलाचें इंधन निरोपासाठीं कोण उधळील? हा निरोप ओळखणारे पेशींवरील ग्राही १९९० नंतरच्या चारपांच वर्षांत निश्चितपणें हातीं लागले, तेव्हां कोठें वाद मिटला. १९९७ सालीं सशाच्या मूत्राशयावरील प्रयोगांत दिसून आलें, कीं दाब वाढला म्हणजे अस्तराच्या पेशीच हें द्रव्य सोडतात. लगतच्या ज्ञानतंतूंवरील ग्राही तें ओळखतात आणि पिशवी भरल्याची वर्दी मेंदूकडे जाते. २००० सालीं असा एक ग्राही नसलेले उंदीर निर्माण केले, तेव्हां त्यांच्या मूत्राशयांत लघवी अधिक सांठूं लागली व ते कमी वेळां लघवी करूं लागले. पुढें २००१ सालीं या रोगाच्या रोग्यांच्या अस्तरांतील पेशी ताणून पाहिल्या. निरोगी पेशींपेक्षां त्यांतून हें द्रव्य अधिक बाहेर पडलें. म्हणजे थोडी भरलेली पिशवीही काठोकाठ भरल्याची वर्दी देऊं शकते. रोगी इतकीं वर्षें सांगत होते तें हेंच.

येथें कोणी म्हणेल, पुरावा मिळाला. आतां विश्वास ठेवूं. मला हें उत्तर पुरेसें वाटत नाहीं. २००१ सालापूर्वीं त्या बायकांचें दुःख कमी खरें होतें काय? शिवाय या द्रव्याचें मोजमाप अजून निदानाची कसोटी झालेलें नाहीं. जंतु, खडा, कर्करोग हे सारे वगळल्यावर आजही वैद्यास अखेर रोग्यालाच विचारावें लागतें, कोठें दुखतें व केव्हां दुखतें.

शंका घेणें हा शास्त्राचा धर्मच आहे, असा आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. बर्नस्टॉकपाशीं पुरावा मागणाऱ्यांनीं आपलें कामच केलें. परंतु दुःखाचें कारण काय, ही शंका रोग्याच्या बाजूस उभें राहून घेतां येते. दुःख आहे कीं नाहीं, ही शंका त्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करते. एखादा खोटें बोलेलही. त्यावर विश्वास ठेवल्यानें आपली थोडी फसवणूक होईल. पण खऱ्यास खोटें ठरविलें, तर त्याचें दुःख राहतेंच आणि वर बोलण्याची वाटही बंद होते.

स्त्रियांची ही वाट आधींच अरुंद असते. आपल्या भाषेनेंही या गरजेस ‘लघुशंका’ असें आडपडद्याचें नांव दिलें आहे. २०११ सालीं मुंबईंत स्त्रियांच्या संघटनांनीं ‘राइट टू पी’ असें उघड नांव घेऊन चळवळ उभारली. डिसेंबर २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें स्त्रियांसाठीं स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहें पुरविणें हें महापालिकांचें कर्तव्य ठरविलें. स्वच्छतागृहांच्या अभावीं हा रोग होतो असें माझें म्हणणें नाहीं. त्याचें मूळ अजून सांपडलेलें नाहीं. पण जी गरज न्यायालयानें मान्य केली, ती घरांत मान्य करावयास कोणाचा हुकूम लागूं नये.

त्या शिक्षिकांना अखेर एका वैद्यांनीं सांगितलें, “तुम्हांला दुखतंय हें खरं. कां दुखतंय तें आपण शोधूं.” औषधांनीं त्यांचें दुखणें निम्मेंच कमी झालें. परंतु त्या दिवसापासून पाहुण्यांपुढें आपले अहवाल उघडून दाखविण्याचें त्यांनीं सोडून दिलें.