वाचकाचा अधिकार आणि शब्दाचे बंधन : पंडिता रमाबाईंच्या बायबलवाचनाच्या निमित्ताने

देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात धर्मग्रंथाशी येणारा परिचित संबंध म्हणजे श्रावणातील पोथीवाचन. एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे, अध्याय संपला की पोथीला नमस्कार करावा. येथे वाचक एकटा नसतो आणि प्रत्येक ओवीचा अर्थ उमगलाच पाहिजे, अशी अटही नसते. बायबलचे व्यक्तिगत वाचन ही याहून निराळी कृती आहे. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये पुराणिक उरला नाही, तर अर्थाची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न केवळ श्रद्धेचा नाही. तो अर्थनिर्णयनाचा, आणि म्हणूनच नीतीचाही आहे.

मराठीत हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला, त्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचीत हिंडे. संस्कृत पुराण मोठ्याने वाचायचे, त्याचा देशी भाषेत अर्थ सांगायचा नाही, कारण श्रवणातच पुण्य आहे, ही त्या वाचनाची रीत रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात नोंदविली आहे. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. शास्त्राने घातलेल्या अटी पाळूनही हाती काही आले नाही, या अनुभवाने पठणावरील त्यांचा विश्वास ढळला. अर्थाविना वाचन हा तेव्हापासून त्यांच्या लेखी निरुपद्रवी आचार राहिला नाही.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (१९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो प्रकाशित केला) पाहता त्या चर्चच्या आज्ञाधारक वाचक झाल्या नाहीत, हे स्पष्ट होते. त्रैक्याचा सिद्धान्त कोणी सांगतो म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जू कष्टाने उतरविल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका मोहक आहे. मात्र तीत एक गंभीर अडचण दडलेली आहे. सदसद्विवेकबुद्धी हीच अंतिम प्रमाण मानली, तर वाचकाला आधीच पटलेले तेवढेच ग्रंथ बोलणार. मग ग्रंथाचा आरसा होतो आणि वाचन हे आत्मसमर्थन ठरते. उलट, ग्रंथाला निरपवाद प्रमाण मानले, तर वाचक उरतच नाही. उरतो तो पुन्हा पठण करणारा. पूर्वग्रहांवाचून आकलन संभवत नाही, मात्र संहितेसमोर ते पणाला लावावे लागतात, असे गाडामर यांनी १९६० मध्ये मांडले. प्रश्न असा, की ते पणाला लावायचे कसे?

रमाबाईंचे उत्तर सिद्धान्तात नाही, कृतीत आहे. केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळीत उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक आत्मसात केल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. हे काम अखेरपर्यंत चालले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये. पुरोहिताचे बंधन नाकारणाऱ्या या वाचकाने व्याकरणाचे बंधन आपण होऊन पत्करले. व्याकरण आज्ञा करीत नाही, पण मनाला येईल तो अर्थही लावू देत नाही. वाचकाचे स्वातंत्र्य आणि ग्रंथाचे परकेपण ही दोन्ही येथे एकाच वेळी राखली जातात.

नारायण वामन टिळकांचा मार्ग याच्या नेमका उलट दिसतो. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून ते ख्रिस्ताकडे वळले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या वाटेने आलो, असेच त्यांनी मानले. त्यांच्या अभंगांत परका ग्रंथ आपला होतो. रमाबाईंनी मात्र हिंदू धर्मकल्पनांचा संस्कार असलेले शब्द शक्यतो टाळले. टिळकांच्या वाचनाला धोका आहे तो ओळखीचा : जे आधीच आपले होते तेच पुन्हा भेटण्याचा. रमाबाईंच्या वाचनाला धोका आहे तो शुद्धतेचा. कारण शब्द टाळणे हाही एक पूर्वग्रहच असतो आणि तोही अखेर पणाला लावावा लागतो. या दोन वाचनांपैकी एकच खरे मानण्यापेक्षा प्रत्येकाने दुसऱ्याचा दोष उघड केला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रमाबाईंचे अत्यंत खासगी वाचन अखेर मुक्तीतील, फारसे शिक्षण न लाभलेल्या स्त्रियांना वाचता येईल अशा मराठीत उतरले. आपल्याला कळलेला अर्थ दुसऱ्याला कळेल अशा शब्दांत मांडता येतो का, ही व्यक्तिगत वाचनाची खरी कसोटी होय. तो तसा मांडता आला नाही, तर वाचकाची समजूत अद्याप त्याची एकट्याचीच आहे. ग्रंथाची झालेली नाही.

या दृष्टीने पाहता पोथी ऐकायला जमलेली मंडळी आणि एकान्तात बायबल उघडणारा वाचक यांतील अंतर वाटते तितके मोठे नाही. पोथीच्या श्रोत्यांपाशी सोबत असते, अर्थ विचारण्याचे धैर्य त्यांना मिळवावे लागते. एकान्तातील वाचकापाशी ते धैर्य असते. सोबत मात्र त्याला शोधावी लागते.