घरमालक

जुन्या जालन्यात एका आजींचं माळवदाचं घर होतं. जालना १९८१ साली जिल्हा झाला. घर त्याच्या कितीतरी आधीचं. मागच्या खोलीत नवरा, बायको आणि त्यांचं लेकरू भाड्यानं राहत. नवरा एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात फिटर होता. बायको घरी शिवणकाम करी.

खोलीच्या खिडकीत आजींचाच लोखंडी कूलर होता. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी आजी दार वाजवायच्या. "कूलर रिकामा करा रे!" मग पाणी सोडायचं, टाकी आतून खराट्यानं घासायची, उन्हानं कोरडी होऊ द्यायची आणि नवं पाणी भरायचं. जालन्यात नळ रोज येत नाही, आणि ही बाई भरलेलं पाणी ओतायला लावते, म्हणून दोघं कुरकुरत. आजी ते पाणी बादल्यांत धरून अंगण नि मोरी धुवायला वापरत. कुरकुरणाऱ्याला ते कुठं दिसतं!

पुढं कर्ज काढून नवरा-बायकोनं नव्या वस्तीत घर घेतलं. वर स्लॅब, दारात बोअर, खिडकीत नवा कूलर. पहिल्या रविवारी कुणी दार वाजवलं नाही. दोघं उशिरापर्यंत झोपले.

तो उन्हाळा बरा गेला. टाकीतलं पाणी उतरलं की वरून बोअरची नळी सोडायची, एवढंच काम. मृग लागला, हवा दमट झाली, कूलरचा उपयोग संपला. तो तसाच खिडकीत राहिला, तळाच्या पाण्यासकट.

भाद्रपदात लेकराला ताप आला. डेंग्यू निघाला. आशाताई घर बघायला आल्या आणि बॅटरीच्या उजेडात टाकीत डोकावल्या. आत अळ्या वळवळत होत्या. "नुसतं ओतू नका, आतून घासा," त्या म्हणाल्या. "अंडी पत्र्याला चिकटून राहतात. कोरडी पडली तरी मरत नाहीत." त्या दिवशी पाणी ओतलं गेलं. घासायचं राहिलं. लेकरू बरं झालं आणि कूलर सगळे विसरले.

पुढच्या वैशाखात पारा चाळिशीच्या वर गेला. बटण दाबलं तर मोटर नुसती गुरगुरली, पंखा हलेना. गवताच्या ताट्या पांढऱ्या पडून कडक झाल्या होत्या. टाकीच्या एका कोपऱ्यात गंजून भोक पडलं होतं.

"मालच खराब निघाला," नवरा म्हणाला. "आता एसीच घेऊ." दिवसभर कारखान्यात बेअरिंगांना ग्रीस भरत फिरणारा हा माणूस; पण घरच्या पंख्यालाही तेल लागतं, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आजी नवं घर बघायला आल्या. पाणी प्यायल्या, कूलरकडं पाहिलं आणि पदर खोचला.

"आधी पिन काढ," त्या म्हणाल्या. "पाण्याला नि विजेला एकत्र हात लावू नये."

ताट्या निघाल्या. टाकीच्या तळाशी पांढरा थर बसला होता, पंपाची जाळी त्यानंच बुजली होती. आजींनी तो बोटानं खरवडला. "पाणी उडून जातं बाबा, खार मागं राहतो. तू नुसता वरून भरत गेलास, म्हणजे खारात खार घातलास. म्हणून जुनं पाणी सोडायचं असतं."

नवऱ्यानं पंख्याच्या दांड्याला तेल सोडलं. हातानं फिरवता फिरवता तो मोकळा झाला. थर घासून काढला, भोक बुजवलं, वाळल्यावर टाकीला आतून डांबर लावलं. बाजारातून नवं गवत आणलं.

दुसऱ्या दिवशी कूलर सुरू झाला, तरी खोलीत घुसमटच. आजींनी समोरची बंद खिडकी उघडली. "आत आलेली हवा बाहेर जायला नको का?" थोड्या वेळानं लेकरू तिथंच झोपलं.

"आजी, तुम्हाला कूलरचं एवढं कसं कळतं?" बायकोनं विचारलं.

"कूलरचं कुठलं गं, माळवदाचं कळतं. मिरगाच्या आधी दरवर्षी वर पांढरी माती चढवायची, तुडवायची, पन्हाळी मोकळी करायची. एका साली घरात लग्न निघालं, माती राहिली. पाऊस आत आला तेव्हा कळलं. तोवर तुळई कुजली होती."

भाड्यानं राहताना घर दुसरंच कुणी सांभाळत असतं, आणि ते सांभाळणं आपल्याला कटकट वाटतं. खरेदीखतावर सही झाली की कटकट थांबते. दर रविवारचं काम मात्र थांबत नाही. ते न बोलता नव्या मालकाच्या नावावर चढतं.

आजी निघाल्या तेव्हा नवरा त्यांना सोडायला गेला. गाडीला किक मारता मारता म्हणाला, "पण आजी, एसी घेतला असता तर ही भानगड नसती ना?"

"घे की," आजी मागं बसत म्हणाल्या. "माझ्या पोराकडं पुण्याला आहे. मी गेले की त्याची जाळी मीच धुते."