तारवाचे दार

मे महिन्यातली व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल) असो की दर रविवारचे संडेस्कूल, हस्तकलेच्या तासाला नोहाचे तारू हटकून निघते. छापलेला कागद, आधीच कातरलेले प्राणी, वर इंद्रधनुष्य. मुलाने फक्त डिंक लावायचा. हा तास आपण विरंगुळ्याचा मानतो, आणि तिथेच चुकतो. हाताने घडवणे हीसुद्धा वचन वाचण्याची एक रीत आहे. पाठांतरात एक शब्द इकडचा तिकडे झालेला आपल्याला चालत नाही. कातरकामात मात्र अख्खी कथा बदलली तरी कोणी हरकत घेत नाही.

निर्गमाच्या ३१व्या अध्यायात देव बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो, तो सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी आणि लाकूड कोरण्यासाठी. त्याच ग्रंथाच्या २०व्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको अशी आज्ञा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण २५व्या अध्यायात करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव, घडवायला तोच देव सांगतो. निषेध आहे तो घडवलेल्या वस्तूची पूजा करण्याचा. तरी या आक्षेपामागची धास्ती खरी आहे. लोकांनी कानांतली कुंडले आधी सोन्याच्या वासरासाठी दिली आणि पुढे निवासमंडपासाठीही दिली. हात कामाला लागले म्हणजे मन देवाकडे वळलेच, असे होत नाही. समोर कोणते वचन ठेवून घडवतो, याला महत्त्व आहे.

म्हणून तारू उत्पत्तीतल्या मापानेच करावे: ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. पुठ्ठ्यावर ३०, ५ आणि ३ सेंटिमीटर घेतले की चित्रातल्या गुबगुबीत होडीऐवजी लांबट, बसकी पेटी तयार होते. तिच्या कुशीला एकच दार. ते मुलाने स्वतः कापावे आणि मग ७व्या अध्यायातले १६वे वचन वाचावे. तिथे दार परमेश्वर बंद करतो. पुठ्ठ्याची ती झडप स्वतःच्या बोटाने मिटताना, बाहेर कोण राहिले, हा प्रश्न नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पडू शकतो. तयार कागद चिकटवताना तो पडायला जागाच उरत नाही.

कोवळ्या मनांना ही भीती कशाला, असे पालक विचारतील. चार वर्षांच्या मुलाला प्राण्यांपाशीच थांबवावे, हे मान्य. पण २०१९चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर ज्या घरांनी सोसला, तिथल्या मुलांना पाणी काय करते हे शिकवावे लागत नाही. त्यांच्यापुढे हसरे तारू ठेवले तर धर्मवर्गात खरे बोलत नाहीत, एवढेच ती शिकतील. माणसाला घडवल्याचा देवाला खेद झाला, त्याच्या हृदयाला दुःख झाले, हे ६व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. ते मुलांपासून लपवण्याचा अधिकार शिक्षकाला कुणी दिला? राहिला वेळेचा प्रश्न. दर आठवड्याला नवी वस्तू हवीच, हा हट्ट सोडला तर एक तारू तीन रविवार पुरते, आणि इंद्रधनुष्य ९व्या अध्यायातल्या करारापर्यंत थांबू शकते.