काना गावच्या लग्नात पानावर काय वाढले होते?

(संत योहान २:१-११)



नाताळचा सण आटोपला, घरोघरचे गोठे उतरवून झाले आणि आता राखेच्या बुधवारपर्यंत आपल्या धर्मग्रामात लग्नांची घाई असणार. लग्नाची तारीख ठरवायला येणाऱ्या आईवडिलांशी बोलताना एक गोष्ट आमच्या लक्षात येते. विवाहपूर्व शिबिर, देवळातील घोषणा, मिस्साची वाचने, गायन यांविषयीचे बोलणे दहा मिनिटांत संपते. जेवणाचे बोलणे मात्र संपत नाही. मटण ठेवायचे की चिकनवर भागवायचे? पोर्क नसले तर नातेवाईक नावे ठेवतील का? चायनीजचा काउंटर नसला तर तरुण मुले नाराज होतील का? आईसक्रीम एक की दोन प्रकारचे?

कुणी म्हणेल, "फादर, हा स्वयंपाकाचा विषय. पत्रिकेत कशाला?" परंतु प्रभू येशूने आपले पहिले चिन्ह केले ते लग्नाच्या जेवणात. स्वर्गराज्याचे वर्णन करताना त्याने मेजवानीचाच दाखला पुन्हा पुन्हा दिला आणि स्वतःची आठवण ठेवायला सांगितले तेही जेवणाच्या मेजावरच. तेव्हा जेवणाचा विषय श्रद्धेच्या बाहेरचा आहे असे आपण कसे म्हणावे?

काना गावच्या लग्नाची हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. पण एक गंमत पाहा. त्या लग्नात कोणते पदार्थ होते, हे संत योहान सांगतच नाही. त्या काळी ज्यू लोकांची लग्ने दिवसेंदिवस चालत. शमशोनाच्या लग्नाची मेजवानी सात दिवस चालली, तर तोबियाच्या लग्नाची चौदा दिवस. म्हणजे कानामध्येही भाकरी, मांस, फळे यांची रेलचेल असणारच. योहानाने त्यातला एकही पदार्थ लिहून ठेवला नाही. त्याने लिहून ठेवले ते तीन गोष्टींविषयी: काय कमी पडले, ते कोणाच्या लक्षात आले आणि ते कसे भरून निघाले.

द्राक्षारस संपला हे पवित्र मरियेच्या लक्षात आले. तिने मांडवात त्याचा बोभाटा केला नाही, शेजारणीच्या कानातही सांगितले नाही. तिने ते आपल्या पुत्राला सांगितले. पुत्राने तरी काय केले? पाण्याचा द्राक्षारस झाला, भोजनकारभाऱ्याने तो चाखला आणि स्तुती केली ती नवरदेवाची! बिचाऱ्या नवरदेवाला काही ठाऊकच नव्हते. खरी हकिकत फक्त पाणी भरणाऱ्या चाकरांना माहीत होती. येशूने त्या घराची अब्रू झाकली आणि मान नवरदेवाच्या पदरात पडू दिला.

हे आम्ही एवढे सविस्तर का सांगत आहोत? कारण काही वर्षांपूर्वी आमच्या हातून याच्या अगदी उलट वर्तन घडले.

एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची तारीख घ्यायला आले. साधी नोकरी, थोडी वाडी, त्यात केळी आणि भाजीपाला. खिशातून त्यांनी कॅटररचा कागद काढला. सहाशे माणसे, अकरा काउंटर. पैशांची सोय काय केली, असे आम्ही विचारले. त्यांनी सांगितले, "बायकोचे दागिने ठेवून कर्ज काढतोय." आम्ही त्यांना समजावू लागलो की फादरांचे ऐका, ऋण काढून सण करू नका, अंथरूण पाहून पाय पसरा. ते खाली मान घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "फादर, मागच्या महिन्यात त्या मोठ्या लग्नात तुम्हीच माइकवरून म्हणालात ना, असा थाट आपल्या धर्मग्रामात पूर्वी झाला नव्हता? तिथे अकरा काउंटर होते. माझी मुलगी माझ्या शेजारीच बसली होती."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही सहज बोलून गेलो होतो. यजमानांना बरे वाटावे एवढाच हेतू होता. पण आमच्या त्या एका वाक्याने एका बापाच्या मनात आकडा पक्का केला. त्यांनी कर्ज काढले. लग्न झाले. पुढे नातवाच्या स्नानसंस्काराची नोंद करायला आले तेव्हा म्हणाले, "फादर, अजून दोन वर्षांचे हप्ते राहिले आहेत." आणि खरे सांगायचे तर, त्या दिवशी त्यांच्याकडे आम्ही काय जेवलो, ते आम्हाला आज आठवतही नाही.

बंधू-भगिनींनो, लग्नावर खर्च करणे हे पाप नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल वाचावा लागतो. योग्य कारणासाठी सढळ हाताने खर्च करणे हा तो सद्गुण मानतो आणि त्यासाठी योग्य प्रसंग म्हणून लग्नाचे नावही घेतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही या सद्गुणाचा विचार केला आहे. पण ॲरिस्टॉटल एका माणसाची थट्टाही करतो. हा माणूस मित्रमंडळींच्या साध्या जेवणाला लग्नाच्या मेजवानीसारखा थाट करतो. का? तर आपली श्रीमंती लोकांना दिसावी म्हणून. खर्चाचा आकडा दोघांचाही मोठा असू शकतो. पहिला पाहुण्यांकडे पाहून खर्च करतो, दुसरा पाहणाऱ्यांकडे पाहून.

काही जण आम्हाला कानाचाच दाखला देतात. "फादर, येशूने तरी कुठे हात आखडला? सहा दगडी रांजण भरले!" बरोबर आहे. एकेका रांजणात अंदाजे ८० ते १२० लिटर पाणी मावत असे. म्हणजे सहा रांजणांत मिळून जवळजवळ ५०० ते ७०० लिटर. देव देतो तेव्हा मापून देत नाही. पण त्या विपुलतेसाठी कुणाचे दागिने गहाण पडले नव्हते, कुणा शेजाऱ्याला खाली पाहावे लागले नव्हते. उलट एका घराची लाज झाकली गेली होती.

आता संत पौलाकडे वळू या. करिंथ येथील ख्रिस्ती लोक प्रभुभोजनासाठी एकत्र जमत. पण ज्यांच्याकडे भरपूर होते ते आपापले जेवण उरकून घेत. कुणी उपाशी राही, कुणी पिऊन झिंगे. पौल त्यांना खडसावतो, कारण ज्यांच्याकडे काही नाही त्यांना ते लाजवीत होते (१ करिंथ ११). पौलाची तक्रार पदार्थांविषयी नव्हती. एका भावाच्या ताटामुळे दुसऱ्या भावाला स्वतःचे घर हलके वाटावे, ही त्याची तक्रार होती.

म्हणून आजचे आमचे सांगणे गरिबांना नाही. "साधे लग्न करा" हा उपदेश आपण नेहमी गरिबाला करतो. तो त्याला करून उपयोग नाही. गरीब माणूस हौसेने कर्ज काढत नाही, तो भीतीने काढतो. आमचे सांगणे आहे ज्यांना परवडते त्यांना. तुमच्या ऐपतीबद्दल कुणाला शंका नाही. पण तुमचे अकरा काउंटर तुमच्या हॉलमध्ये राहत नाहीत. ते पुढच्या महिन्यात शेजारच्या आळीत जातात आणि तिथे कर्ज होऊन बसतात. ज्याला दहा पदार्थ परवडतात त्याने मनापासून चार ठेवले, तर त्याच्या मागून येणाऱ्या दहा घरांना चार पदार्थ ठेवायचे धैर्य येते. हे मोठे दान आहे आणि याची पावती कुणी फाडत नाही. कानाच्या चाकरांसारखे, ते फक्त तुम्हाला आणि प्रभूला ठाऊक.

आपले आजी-आजोबा काय करीत होते, आठवून पाहा. घरासमोर मांडव पडे. आदल्या दिवशी शेजारच्या बायका पिठाचे हात घेऊन फुगे आणि वडे तळायला बसत. एका घरातून टोप येई, दुसऱ्या घरातून पाट, तिसरा कुणी लाकडे फोडून देई. पदार्थ मोजकेच असत, पण ते सगळ्या आळीचे असत. काही कमी पडले तर ते आळीला कमी पडे, एकट्या बापाला नाही. आज आपण कॅटररला पैसे देऊन श्रम वाचवले. ते वाईट नाही. नोकरी करणाऱ्या बायकांनी रात्र रात्र जागून फुगे तळावेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु श्रमांबरोबर तो सहभागही गेला आणि सगळा भार एका घरावर आला.

मग पाहुण्यांना वाढावे तरी काय? आमचे उत्तर असे: आधी पाहुणे कोण ते पाहा, पदार्थ आपोआप ठरतील.

तुमच्या लग्नाला तुमचे हिंदू शेजारी येतात, कंपनीतले मुसलमान सहकारी येतात, क्वचित जैन व्यापारी मित्र येतो. एका रिसेप्शनमध्ये आम्ही एका मुसलमान पाहुण्याला हातात रिकामी प्लेट घेऊन उभे असलेले पाहिले. कोणत्या भांड्यात पोर्क आहे ते सांगायला तिथे कुणी नव्हते. अखेर ते दही-भात घेऊन बसले. आपण त्यांना आग्रहाने बोलावले आणि परक्यासारखे जेवायला लावले. आपल्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर आपण मांसच खाणार नाही, असे संत पौल म्हणतो (१ करिंथ ८). तेवढा त्याग कुणी तुमच्याकडे मागत नाही. पोर्क वेगळ्या मेजावर ठेवा, त्यावर ठळक पाटी लावा, त्याचा डाव दुसऱ्या भांड्यात जाऊ देऊ नका. शाकाहारी जेवण कोपऱ्यात उरकल्यासारखे न करता चांगले करा.

तुमच्या लग्नाला म्हातारी माणसे येतात. त्यांतल्या अनेकांना मधुमेह आहे. सात वाजता बोलावून केक, टोस्ट, नाच संपल्यावर साडेदहाला जेवण उघडायचे, हा कुठला पाहुणचार? हातात प्लेट धरून त्यांना रांगेत उभे करू नका. घरच्या मुलांनी त्यांना जागेवर वाढावे. जुन्या पंगतीतले एवढे तरी जपू या.

आणि दारू. तिच्यासाठी कानाचा दाखला देऊ नये. त्या लग्नात येशू स्वतः हजर होता. आपल्या ज्या मेजांवर बाटल्या उघडतात, तिथे त्याला बसवावेसे वाटेल का, एवढेच स्वतःला विचारावे.

बायबलमधील तोबित या सत्पुरुषाची गोष्ट या संदर्भात मोलाची आहे. तो निनवे शहरात परागंदा होऊन राहत होता. सणाच्या दिवशी त्याच्यापुढे उत्तम पदार्थ मांडले गेले. ते भरलेले मेज पाहताच त्याने मुलाला, तोबियाला, सांगितले की जा आणि आपल्या लोकांपैकी कुणी गरीब, देवभीरू माणूस सापडला तर त्याला घेऊन ये. तो येईपर्यंत तोबित जेवायला थांबणार होता (तोबित २). गरिबाचा वाटा जेवणाआधी आठवला, जेवणानंतर नाही! आपण मात्र रात्री बारा वाजता उरलेली बिर्याणी पाहून "कुठल्या तरी आश्रमात पाठवा" म्हणतो. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर राहू नये, असे आरोग्यशास्त्र सांगते. आपल्या मुलांना जे आपण देणार नाही, ते अनाथ मुलांना देणे हे दान नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी भाविकांपुढे बोलताना टाकून दिलेल्या अन्नाची तुलना गरिबाच्या मेजावरून चोरलेल्या अन्नाशी केली होती. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. चमत्कार करणाऱ्यालाही अन्न टाकवले नाही!

तेव्हा या हंगामात लग्न असणाऱ्या कुटुंबांना आमची नम्र विनंती:

१. कॅटररकडे जाण्याआधी घरात बसून, प्रार्थना करून, पाहुण्यांची यादी करा. कर्ज न काढता जेवढ्यांना प्रेमाने जेवू घालता येईल, तेवढेच पदार्थ ठरवा.

२. यादीत अशी दोन-तीन घरे जरूर घाला, जी आहेराचे पाकीट परवडत नाही म्हणून लग्नाला येत नाहीत. त्यांना स्वतः जाऊन बोलावा आणि आहेर नको म्हणून सांगा. परतफेड करू शकत नाहीत त्यांना बोलवा, असे प्रभूनेच सांगितले आहे (लूक १४).

३. गरिबांचा वाटा वाढणी सुरू होण्यापूर्वी, गरम असतानाच बाजूला काढा. तो त्याच संध्याकाळी पोहोचवण्याची व्यवस्था आधी ठरवा.

४. वाढणारी मुले, बँडवाले, गाडीचे ड्रायव्हर यांचे जेवण हिशेबात धरा. कानाचे रहस्य चाकरांनाच कळले होते, हे विसरू नका.

५. दुसऱ्याच्या लग्नातून परतताना जेवणाला नावे ठेवू नका. आपल्या जिभेच्या भीतीने कुणाचे तरी दागिने गहाण पडतात.

या पाच गोष्टींत आमच्याकडून सहावी. यापुढे कोणत्याही रिसेप्शनमध्ये आम्ही माइकवरून थाटाची स्तुती करणार नाही. नवदांपत्यासाठी प्रार्थना करू, आशीर्वाद देऊ आणि समोर येईल ते आनंदाने जेवू. वरणभात असला तरी.

हे प्रभू येशू, काना गावच्या लग्नाला तू पाहुणा म्हणून गेलास. आमच्या लग्नांनाही ये. आमच्या मांडवात कुणाची अब्रू उघडी पडत असेल तर ती झाकायला आम्हाला तुझ्या आईचे डोळे दे. आमेन.

आपले धर्मगुरू