रंगाखालचे लाकूड

दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो, भिंतींना रंग देतो. वाळवीची शंका असलेल्या चौकटीवर रंगाचा हात फिरवावा, की आधी ती उकरून पाहावी, हा प्रश्न घरोघरी केव्हातरी पडतोच. घराच्या बाबतीत चुकले तर त्रास घरच्यांना. पण ज्या वस्तूच्या भरवशावर परकी माणसे आपला जीव ठेवतात, तिच्या बाबतीत हाच प्रश्न नीतीचा होतो.

मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे वेण्णेच्या काठी वसलेले आहे. तिथून डोंगर ओलांडून पलीकडे उतरले की बामणोली येते आणि समोर शिवसागराचे पाणी पसरलेले दिसते. १९६० नंतरच्या काही वर्षांत कोयनेचे धरण उभे राहिले, खोऱ्यातली शेते आणि वाटा बुडाल्या, आणि काठच्या कितीतरी वाड्यांना होडी हीच वाट झाली. वासोट्याला निघालेले हौशी प्रवासीही आता इथूनच होडीत बसतात. बसताना कोणी तिचा तळ तपासत नाही. होडीवाल्यावर विश्वास टाकतो आणि बसतो.

लाकडी होडीचे दुखणे बरेचसे वरून दिसते. फायबरच्या होडीचे तसे नाही. काचतंतू आणि रेझिन यांचे कवच कुजत नाही, हे खरे. पण जुन्या घडणीच्या पुष्कळ होड्यांत ते कवच ताठ राहावे म्हणून आतून लाकडाचे उभे-आडवे दांडे बसवून त्यांवर फायबरचेच वेष्टन चढवलेले असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपते. ते बाहेर पडत नाही, आणि दमट लाकडावर बुरशी वाढू लागते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी या बुरशीला अधिक मानवते. आणि जावळीत पावसाला तोटा नाही! काही वर्षांनी वेष्टन तसेच चकचकीत राहते; आत दांड्याचा भुसा झालेला असतो.

हे ओळखणे अवघड नाही. लहान हातोडीने ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजके बद्द वाजते. शंका आली तर बारीक भोक पाडावे. कोरडा कीस निघाला तर बरे. काळपट ओला लगदा निघाला तर काम निघाले. ते काम मात्र कष्टाचे. होडीचा आकार बिघडू नये म्हणून तिला खालून नीट आधार देऊन एका वेळी एकेकच दांडा काढायचा. वेष्टन कापायचे, चांगले लाकूड लागेपर्यंत कुजके उकरायचे, सगळे वाळू द्यायचे. नवे लाकूड चहूबाजूंनी रेझिनने बंद करून बसवायचे, जुने फायबर घासून त्यावर मॅटचे थर चढवायचे. शेवटी रंग. एवढे केल्यावर होडी दिसते कशी? पूर्वी दिसत होती तशीच!

म्हणूनच मन सांगते, ‘ठोकूच नको.’ या मनाचे चित्र विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात रेखाटले आहे. एका जहाजमालकाला आपल्या जुन्या जहाजाविषयी शंका येते. पण ‘इतकी वादळे सोसली, आताही सोसेल,’ अशी तो स्वतःची समजूत घालतो, शांत मनाने जहाज सोडतो. ते बुडते आणि त्याला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्ड त्याला दोषी ठरवतो, आणि पुढे म्हणतो की जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही तो तेवढाच दोषी होता. मालकाचा विश्वास खरा होता, पण तसा विश्वास ठेवण्याचा अधिकार त्याने चौकशी करून मिळवलेला नव्हता.

हे पटते, पण बामणोलीच्या धक्क्यावर उभे राहिले की एक अडचण जाणवते. क्लिफर्डच्या मालकाजवळ पैसा होता. इथला होडीवाला पावसाळा सरण्याची वाट पाहत असतो. ऐन हंगामात होडी उलटी घातली तर चूल कशावर पेटायची? त्याच्यावर निर्दयपणे बोट रोखणे सोपे आहे. गरिबीमुळे रंग लांबणीवर टाकता येतो, बैठकीची गादी फाटकी ठेवता येते. पण आपल्या अडचणीचे ओझे न विचारता दुसऱ्याच्या जिवावर टाकता येत नाही. निदान ठोकून पाहणे त्याच्या हाती आहे, आणि त्याला खर्च नाही. कळल्यावर चार माणसे कमी बसवता येतात, वाऱ्याच्या दिवशी होडी काठाला ठेवता येते, कर्जाची खटपट करता येते.

आणि आपण प्रवासी? भाड्यासाठी घासाघीस करून, वर ‘अजून दोघे मावतील हो’ म्हणणारे आपणच ना? दुरुस्तीचा खर्च भाड्यात धरलाच जाऊ दिला नाही, तर कुजक्या दांड्यात आपलाही वाटा असतो. तेव्हा होडीवाल्याने दोन पैसे जास्त सांगितले तर जरूर विचारावे, ‘यंदा आतले लाकूड पाहिलेत का?’ त्याने हो म्हटले आणि काय बदलले ते दाखवले, तर ते पैसे कुरकुर न करता द्यावेत.