शेवटची गाडी कोणी चालवायची?

ज्याला वेगाने जाता येते त्याने हळू जाणाऱ्यासाठी थांबावे का? प्रश्न साधा वाटतो आणि 'अर्थात, थांबावे' असे उत्तर आपण चटकन देतो. परंतु थांबण्याची किंमत स्वतः मोजायची वेळ आली, की ते उत्तर तितके सोपे राहत नाही.

८ सप्टेंबर हा पवित्र मरीयेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून बांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते. राजुरीहून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण असा दीडशे किलोमीटरहून अधिक रस्ता आहे. एका वर्षी आम्ही काही मित्र मोटारसायकलींवरून या वाटेने निघालो. पाच गाड्या, आठ माणसे. दुपारच्या मिस्सापर्यंत पोहोचायचे असे ठरले होते.

हा रस्ता एकाच सकाळी तीन ऋतू दाखवतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, तिथेच बरेचसे रिते होतात आणि आपल्या शिवारापर्यंत येताना त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. त्यामुळे राजुरीत ऊन होते, ओतूरच्या पुढे भुरभुर लागली आणि पिंपळगाव जोगे धरण मागे टाकून घाटाच्या तोंडाशी आलो, तेव्हा धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना.

पाचांपैकी एक गाडी जुनी, शंभर सीसीची होती. तिच्यावर एक मित्र आणि त्याची पत्नी. ती गाडी मागे पडू लागली. पुढचे दोघे म्हणाले, "आपण निघू या, नाहीतर मिस्सा चुकेल. ते येतील मागून."

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ते देवमातेच्या भेटीला निघाले होते, मौजमजेला नव्हे. शिवाय माळशेजमध्ये पावसाळ्यात दरडी कोसळतात. कड्याखाली गाड्या उभ्या करून वाट पाहणे म्हणजे सगळ्यांनाच धोक्यात घालणे. दोघांसाठी सहा जणांनी हे का करावे?

दुसरी बाजू अशी. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यावर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढे अंतर निघून जाते आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी जागा लागते. मागे पडलेल्याला हे कळत असते. पण पुढचे दिवे दिसेनासे झाले, की तोही न झेपणाऱ्या वेगाने गाडी हाकू लागतो. म्हणजे पुढच्याने आपला वेग ठरवला, तेव्हा त्याने नकळत मागच्याचा धोकाही ठरवला. 'मी माझ्या वेगाने जातो, तू तुझ्या वेगाने ये' हे बोलणे न्यायाचे वाटते, पण सोबत निघालेल्यांमध्ये ते खरे नसते.

आमच्यातल्या एका जाणत्याने तोड काढली. कड्याखाली कोणी थांबायचे नाही. जुनी गाडी दुसऱ्या क्रमांकावर राहील आणि तिच्या चालीने सगळे जातील. ज्याचा हात सर्वांत बसलेला आहे, तो सर्वांत शेवटी राहील. अशा रीतीने घाट उतरला. दुपारचा मिस्सा चुकला, संध्याकाळचा मिळाला.

पवित्र शास्त्रात हाच प्रसंग फार पूर्वी येऊन गेला आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात एसाव आपल्या भावाला म्हणतो, की चल, बरोबरच जाऊ. याकोब नम्रपणे नकार देतो. मुले कोवळी आहेत, मेंढ्या-गाई पाजत्या आहेत, एक दिवस जरी त्यांना फार दामटले तरी कळप मरून जाईल, म्हणून तो पुढे असलेल्या गुरांच्या आणि मुलांच्या चालीनेच येणार. दिवाळीनंतर कोकणाकडे सरकणारे धनगरांचे वाडे आपण पाहतो. त्यांच्या घोड्याच्या पाठीवर भांड्याकुंड्यांबरोबर कोकरेही असतात. याकोबाचे म्हणणे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

मग ज्याला झेपत नाही त्याच्यावर काहीच जबाबदारी नाही का? संत पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि तीनच ओळींनंतर म्हणतो, की प्रत्येकाने आपापला भार उचलावा. हा विरोध नव्हे. गाडीची चेन, टायर, ब्रेक निघण्यापूर्वी तपासणे, डोक्यावर हेल्मेट घालणे, थकलो तर संकोच न करता सांगणे हा ज्याचा त्याचा भार. धुके आणि पाऊस हे मात्र कोणा एकाचे नसतात. ते ओझे सगळ्यांचे.

आपल्या धर्मग्रामातही अशीच रांग चाललेली असते. कोणाच्या घरात शिकलेली, कमावती मुले आहेत. कोणाचा कांदा भाव पडल्याने चाळीतच सडला आहे. कोणी आजारपणामुळे तर कोणी मनात सल धरून महिनोन्महिने मिस्साला आलेला नाही. 'येतील मागून' असे म्हणून पुढे जाणे सोपे असते, आणि त्यात वाईट हेतूही नसतो. पण जो पहिला होऊ पाहतो त्याने शेवटचा व्हावे, ही प्रभू येशूची शिकवण आपण बहुधा मान लवविण्यापुरतीच घेतो. तिच्यात कामाची वाटणीही आहे. ज्याच्या अंगात अधिक बळ, त्याची जागा मागे, कारण पडलेल्याला उचलायला तिथेच कोणीतरी लागते.

म्हणून, बंधु-भगिनींनो, आज मिस्सा संपल्यावर चर्चमधून बाहेर पडताना घाई करू नका. आपल्या बाकावर नेहमी बसणारे कोण आज दिसले नाही ते आठवा, आणि दुपारच्या जेवणाआधी त्यांच्या दारावरून जा.