मध्यस्थी चालू असतां कायदेमंडळाच्या सभासदांनीं बोलावें काय?

दोघां भाऊबंदांत शेताच्या बांधावरून तंटा लागला. गांवचे पाटील तो मिटविण्यास बसले. इतक्यांत पाटलांच्याच ओसरीवर बसलेला त्यांचा चुलता एका पक्षाची बाजू मोठ्यानें मांडूं लागला, तर दुसरा पक्ष काय समजेल? चुलत्यास निवाडा देण्याचा अधिकार नाहीं हें खरें. पण तो पाटलांच्या घरचा आहे, एवढेंच दुसरा पक्ष पाहतो. राष्ट्रांच्या तंट्यांतहि असाच प्रश्न उद्भवतो. परक्या देशाचें सरकार मध्यस्थी करीत असतें, आणि त्याच देशाच्या कायदेमंडळाचे सभासद आपापल्या परीनें भाषणें करितात, पत्रें लिहितात, ठराव आणितात. ते स्वतः मध्यस्थ नव्हत. तर मग निःपक्षपातीपणाचें बंधन त्यांजवर आहे कीं नाहीं?

ह्या प्रश्नाचा विचार इथिओपिया व एरिट्रिया ह्या आफ्रिकेंतील दोन देशांच्या युद्धावरून चांगला करितां येतो. एरिट्रिया १९९३ सालीं इथिओपियापासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला. दोन्ही देशांचे पुढारी पूर्वीं एकाच जुलमी लष्करी सत्तेशीं खांद्यास खांदा लावून लढले होते. म्हणून सरहद्द नीट आंखून घेण्याची निकड कोणास वाटली नाहीं. इटलीनें इथिओपियाच्या बादशहाशीं १९००, १९०२ व १९०८ सालीं केलेले तह कागदावर होते, जमिनीवर खुणा नव्हत्या. १९९८ च्या मे महिन्यांत बादमे नांवाच्या लहानशा गांवाजवळ चकमक झाली, आणि तींतून असें युद्ध पेटलें कीं दोन वर्षांत सत्तर हजारांपासून एक लाखापर्यंत माणसें मेलीं असा अंदाज केला जातो.

अमेरिका व रुआंडा ह्या देशांनीं आरंभींच मध्यस्थी केली. एरिट्रियाच्या सैन्यानें ६ मे पूर्वींच्या जागीं परत जावें, असें त्यांच्या सूचनेंत एक मुख्य कलम होतें. इथिओपियानें ती सूचना मान्य केली, एरिट्रियानें केली नाहीं. ५ जून रोजीं इथिओपियाच्या विमानांनीं अस्माराच्या विमानतळावर बॉम्ब टाकिले, आणि त्याच दिवशीं एरिट्रियाच्या विमानांनीं मेकेले शहरावर टाकिलेले बॉम्ब एका शाळेवर पडून लेंकरें मेलीं.

अशा वेळीं परदेशांतील लोकप्रतिनिधीच्या मनाची स्थिति काय होते, हें पाहण्याजोगें आहे. अमेरिकेंत ह्या दोन्ही देशांतून गेलेले पुष्कळ लोक राहतात, आणि त्यांपैकीं कित्येक तेथील मतदारहि आहेत. ज्या सभासदाच्या मतदारसंघांत एका पक्षाचे लोक अधिक, त्याच्या दारीं त्याच पक्षाच्या आया रडत येतात. तें रडणें खोटें नसतें. परंतु सरहद्दीपलीकडील आईचें रडणें त्याच्या कानीं पडत नाहीं, कारण ती त्याची मतदार नाहीं. मंडळींतील तंटे मिटवितांना आम्हां पाळकांसहि हाच मोह होतो. जो आधीं दारीं आला त्याची गोष्ट आधीं पटते.

कोणी म्हणेल, सरकारचें मुख एक आणि कायदेमंडळाचें दुसरें. सभासदांच्या बोलण्यानें मध्यस्थीस काय बाध येणार? फॉकलंड बेटांविषयीं १९८२ सालीं जें झालें तें ह्या ठिकाणीं आठवतें, जरी तो तंटा बेटांचा होता, सरहद्दीचा नव्हे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेग हे लंडन व ब्वेनोस आयरेस ह्यांच्यामध्यें येरझारा घालीत होते. २९ एप्रिल रोजीं अमेरिकेच्या सेनेटनें ब्रिटनच्या बाजूचा ठराव ७९ विरुद्ध १ मतांनीं मंजूर केला, आणि दुसऱ्याच दिवशीं सरकारनें मध्यस्थी संपल्याचें सांगून ब्रिटनचा पक्ष घेतला. त्या वेळीं बोलणीं मोडल्यासारखींच होतीं, म्हणून सगळा दोष ठरावास देणें न्यायाचें होणार नाहीं. तरी अर्जेंटिनाच्या लोकांस सेनेट व सरकार ह्यांत भेद दिसला असेल असें मला वाटत नाहीं.

आतां पुन्हां बादमेकडे वळूं. १२ डिसेंबर २००० रोजीं अल्जीअर्स येथें उभय देशांनीं तह केला व सरहद्द ठरविण्याचें काम पांच जणांच्या आयोगावर सोंपविलें. त्याचा निर्णय अखेरचा व बंधनकारक मानण्याचें वचन दोघांनीं दिलें. १३ एप्रिल २००२ रोजीं निर्णय झाला, आणि त्याप्रमाणें बादमे एरिट्रियाच्या वांट्यास आलें. त्याच तहानें नेमिलेल्या दुसऱ्या आयोगानें २००५ च्या डिसेंबरांत असाहि निर्णय दिला कीं, १९९८ च्या मे महिन्यांत हत्यार उचलून एरिट्रियानें आंतरराष्ट्रीय कायदा मोडिला. पहा, गांव ज्याचें ठरलें, आगळीकहि त्याचीच ठरली! १९९८ सालीं एखादा सभासद "एरिट्रिया आक्रमक आहे" असें बोलला असता, आणि दुसरा "जमीन एरिट्रियाचीच आहे" असें बोलला असता, तर दोघेहि खरे ठरले असते. आणि दोघांनींहि अर्धेंच सत्य पूर्ण समजून आपल्या देशाच्या मध्यस्थाचे हात बांधिले असते.

तर मग सभासदानें तोंडच उघडूं नये काय? तसें मी म्हणत नाहीं. इथिओपियानें एरिट्रियन वंशाच्या हजारों लोकांस घरांतून काढून हद्दपार केलें. एरिट्रियांतूनहि इथिओपियाच्या लोकांस बंदींत टाकिलें व घालविलें. ह्या गोष्टींविषयीं बोलणें हें कर्तव्यच होय. अट इतकीच कीं, एकाचें पाप ज्या मापानें मोजिलें त्याच मापानें दुसऱ्याचेंहि मोजावें. ज्या प्रश्नाचा निवाडा व्हावयाचा आहे, म्हणजे जमीन कोणाची, त्यावर मात्र जीभ आवरावी.

आणि निवाडा झाल्यावर? येथें माझ्या मतें पुष्कळ चांगल्या माणसांची चूक होते. निर्णयानंतर इथिओपियानें फेरविचाराची मागणी केली, आणि सरहद्दीवर खुणा बसूं दिल्या नाहींत. मोठीं राष्ट्रें मात्र "दोन्ही पक्षांनीं संयम धरावा" असेंच बोलत राहिलीं. वचन पाळण्यास तयार असणारा व वचन टाळणारा ह्यांस एका ओळींत उभें करून दोघांस सारखाच उपदेश करणें हा निःपक्षपातीपणा नव्हे. ज्याच्या हातीं जमीन आहे त्याचा पक्ष घेण्याचा तो सभ्य मार्ग आहे. २००३ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळांत एक विधेयक आलें होतें, कीं जो पक्ष निर्णय मानणार नाहीं त्याची मदत आंखडावी. त्यांत कोणाचा कैवार नव्हता, वचनाचा होता. तें कायद्यांत उतरलें नाहीं.

एरिट्रियाचे राज्यकर्तेहि निर्दोष नव्हते. न आंखलेल्या सरहद्दीचें निमित्त करून त्यांनीं आपल्या तरुणांस वर्षानुवर्षें सक्तीच्या सैनिकी चाकरींत डांबून ठेविलें. संयुक्त राष्ट्रांची जी शांतिसेना तेथें होती, व जींत आपल्या हिंदुस्थानचे शिपाईहि होते, तिच्यावर त्यांनीं निर्बंध घातले. अखेर २००८ सालीं ती मोडण्यांत आली.

इथिओपियाच्या सरकारनें तो निर्णय पूर्णपणें मान्य असल्याचें जाहीर केलें तें २०१८ च्या जून महिन्यांत, म्हणजे सोळा वर्षांनंतर. त्याच वर्षीं सप्टेंबरांत झालांबेसा येथील नाका उघडला, तेव्हां वीस वर्षें ताटातूट झालेलीं माणसें रस्त्यांतच एकमेकांच्या गळ्यांत पडून रडलीं. पुढें कांहीं महिन्यांतच तो नाका पुन्हां बंद झाला.